ठेवीच्या व्याजातून

माझ्याकडे सुभाषितांचं एक जुनं पुस्तक आहे. आतल्या पानावर शाळेचा जांभळा शिक्का आहे आणि त्याखाली डिंकाने चिकटवलेली चौकोनी चिठ्ठी. मजकूर छापील, मोकळ्या जागा शाईने भरलेल्या. 'कै. कु.' आणि पुढे एक नाव, 'हिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून, इयत्ता ९ वीत संस्कृत विषयात प्रथम आल्याबद्दल.' त्याखाली माझं नाव आणि साल, १९९१.

कृष्णाकाठच्या आमच्या शाळेत गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ व्हायचा. सर माईकवर एकेक ठेव वाचत जायचे. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, गंगाभागीरथी तमुक यांच्या स्मरणार्थ. आम्ही पटांगणात मांडी घालून बसलेल्या, आपलं नाव कधी येतंय इकडे कान लावून. ठेवीतल्या माणसाचं नाव म्हणजे आपल्या नावाआधीचा उंबरठा, तो ओलांडला की टाळ्या. माझ्या चिठ्ठीवरचं ते 'कु.' मी तीस-बत्तीस वर्षं पाहत होते. कु. म्हणजे कुमारी, म्हणजे कुणाची तरी लहान मुलगी, हे एकदाही मनात आलं नाही.

आलं ते गेल्या वर्षी, शाळेपासून हजारो मैलांवर, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, लॅक्रॉस नावाच्या खेळाच्या एका जेवणावळीत.

माझा मुलगा इथल्या सफोक काउंटीतल्या एका सरकारी शाळेत अकरावीत आहे आणि शाळेच्या लॅक्रॉस संघात दुसरा गोलकीपर आहे. म्हणजे पहिला गोलकीपर जायबंदी झाला किंवा संघ दहा गोलांनी पुढे असला, तर हा उतरतो. एरवी हेल्मेट मांडीवर घेऊन कडेला उभा असतो आणि गोलमध्ये उभ्या असलेल्या मित्राला ओरडून सांगत राहतो, डावीकडे, मागे, आता सोड. त्याचा आवाज सामन्यानंतर दोन दिवस बसलेला असतो. मी त्याला हळदीचं दूध देते, तो न कुरकुरता पितो.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला जाळीची खोळ. त्या खोळीत चेंडू झुलवत धावायचं, काठीनेच फेकायचा, काठीनेच झेलायचा. एका संघात दहा जण. गोल सहा फूट रुंद, सहा फूट उंच. चेंडू घट्ट रबराचा, भरीव, दीडशे ग्रॅमला जरासा कमी. आपला सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम भरतो, हा त्याहून थोडा हलका आणि आकाराने लहान. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शाळेतली ताकदवान मुलं हा चेंडू ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे मारतात आणि गोलकीपरने तो अंगावर घ्यायचा असतो.

हंगाम संपला की काउंटीतल्या शाळांचे प्रशिक्षक एकत्र येऊन पुरस्कार देतात. आमच्या संघाने एक टेबल घेतलं होतं, म्हणून आम्ही गेलो. मोठा हॉल, गोल टेबलं, पास्त्याचे ट्रे, गळ्यात टाय आवळलेली अठरा वर्षांची दांडगी मुलं. नावं भराभर वाचली जात होती. काउंटीच्या संघात निवडले गेलेले, मग देशपातळीवर ऑल-अमेरिकन ठरलेले. त्यात माझं फार लक्ष नव्हतं. मग निवेदक थांबला, कागद बदलला आणि म्हणाला, आता लेफ्टनंट रे एनर्स पुरस्कार.

सफोक काउंटीतल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला हा पुरस्कार देतात. पण विजेत्याचं नाव लगेच आलं नाही. आधी रे एनर्स कोण होता ते सांगितलं गेलं, घाई न करता. इथल्याच हाफ हॉलो हिल्स शाळेचा मुलगा. लॅक्रॉस खेळता खेळता वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, तिथेही खेळला, १९६७ साली अधिकारी होऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी व्हिएतनाममध्ये होता. १८ सप्टेंबर १९६८ ला त्याच्या पलटणीवर गोळीबार झाला. एक जवान जखमी होऊन उघड्यावर पडला होता. एनर्स गोळ्यांच्या माऱ्यात त्याच्यापर्यंत गेला आणि त्याला सुरक्षित जागी घेऊन आला. त्याच दिवशी, त्याच लढाईत तो पुढे मारला गेला. मरणोत्तर त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. अमेरिकेच्या लष्करात शौर्यासाठी याच्या वर एकच पदक आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम खेळाडूलाही त्याच्याच नावाचा पुरस्कार देतात, पण त्याच्या घरच्या काउंटीतल्या शाळकरी मुलांनाही तो दिला जातो, हे मला जास्त मोलाचं वाटलं. जिथे तो काठी घेऊन धावला, त्याच मैदानांवर धावणाऱ्या मुलांना.

ओळख वाचून होईपर्यंत हॉलमध्ये चमचासुद्धा वाजला नाही. मग विजेत्याचं नाव आलं. आमच्या टेबलाजवळूनच तो मुलगा उठला. टाळ्या चालू होत्या आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्याने उजवा हात पँटला पुसला. देवळात प्रसाद घेण्याआधी आपण हात पुसतो, अगदी तसा.

त्या क्षणी मला ती चिठ्ठी दिसली. डिंकाने पिवळी पडलेली, आणि तीवरचं 'कु.'.

परतीच्या वाटेवर मी मुलाला विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं, रे एनर्स कोण ते?" तो म्हणाला, "आई, सगळ्यांना माहीत असतं. सर पहिल्याच आठवड्यात सांगतात." त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र गप्प बसले. पाच वर्षं मी ज्या शाळेत बक्षिसं घेतली, तिथल्या एकाही ठेवीमागचा माणूस मला सांगता आला नसता.

मग मी या खेळातली नावं शोधत गेले. अनेक रात्री गेल्या त्यात. इथली कुठलीही स्पर्धा घ्या, कुठलाही करंडक, त्याला कुणाचं तरी नाव चिकटलेलं असतं, आणि ते क्वचितच केवळ मोठ्या खेळाडूचं असतं. यूएसए लॅक्रॉस ही देशातली या खेळाची संस्था विभागवार शालेय पुरस्कार देते. त्यातला मला सर्वांत जवळचा वाटला तो बॉब स्कॉट पुरस्कार. हे बॉब स्कॉट १९५५ ते १९७४ या काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघांनी सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एवढी विजेतेपदं असलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार कुणाला द्यायचा? सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला नाही. संघासाठी, शाळेसाठी, गावासाठी जो मुलगा आपल्या वाट्यापेक्षा जास्त राबतो, त्याला. मुलींसाठी असाच जॅकी पिट्स यांच्या नावाचा आहे. कडेला उभं राहून आवाज बसेपर्यंत मित्राला सावध करणाऱ्या मुलाची आई म्हणून मला हे फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

खरं तर या खेळाची सुरुवातच बक्षिसाशिवाय झाली. युरोपातले लोक इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून होडेनोशोनी लोक, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात राहणारी सहा राष्ट्रं, हा खेळ खेळत आली आहेत. त्यांच्या लेखी तो निर्मात्याने दिलेला खेळ आहे, त्याच्या करमणुकीसाठी खेळायचा. आणि तो औषधही आहे. गावात कुणी आजारी पडलं तर त्याला बरं वाटावं म्हणून सामना खेळायचा. आपल्याकडे आजाऱ्याच्या नावाने अभिषेक करतात, तसा यांचा खेळ. काठी हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाची, वाफेवर वाकवून, महिनोन् महिने वाळवून केलेली. मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात, आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर पुरतात. अमेरिकन कॉलेज लॅक्रॉसमधला आज सर्वांत मानाचा पुरस्कार २००१ पासून दिला जातो. त्याचं नाव तेवाराटन, आणि तेही मोहॉक भाषेतलं या खेळाचंच नाव आहे. २०१४ साली तो पहिल्यांदा दोघांना विभागून मिळाला, लाइल आणि माइल्स थॉम्प्सन या दोन ओनोंडागा भावांना. त्याआधी मूळनिवासी खेळाडूला तो कधीच मिळाला नव्हता. ज्यांचा खेळ, ज्यांच्या भाषेतलं नाव, त्यांच्या घरी तो पोचायला तेरा वर्षं लागली. हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसले होते.

एक नाव मात्र मला शोधावं लागलं नाही. ते आमच्या घरात आधीपासूनच होतं, मला ठाऊक नव्हतं इतकंच.

मुलाच्या सरावाला मी कधी लवकर पोचले तर मैदानाच्या कडेला बाकावर बसते. संघाची ट्रेनर मैदानावर येताना रोज एक लाल पिशवी आणते आणि पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवते. झिप अर्धी उघडी असते, हात घालताच यंत्र हाताशी यावं म्हणून. मी ती पिशवी दोन हंगाम पाहिली होती. त्या जेवणानंतरच्या आठवड्यात एकदा मुलाला विचारलं, त्यात काय असतं. तो म्हणाला, "एईडी. लुईच्या कायद्यामुळे आणावी लागते." आणि मग कपडे बदलायला गेला.

लुई अकॉम्पोरा. नॉर्थपोर्ट हायस्कूलचा नववीतला मुलगा. नॉर्थपोर्ट याच काउंटीतलं समुद्रकाठचं गाव. २५ मार्च २००० ला तो हायस्कूलसाठी आपला पहिला सामना खेळत होता. गोलकीपर म्हणून. वय चौदा. समोरून चेंडू आला आणि त्याने तो छातीवर अडवला. गोलकीपर जे करतो तेच त्याने केलं आणि बरोबर केलं. अंगात छातीचं कवचही होतं. चेंडू अडला आणि लुई कोसळला.

याला कमोशियो कॉर्डिस म्हणतात. हृदय निरोगी असतं, बरगडी मोडलेली नसते, आत रक्त साकळलेलं नसतं. फक्त तो मार हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या एका अत्यंत लहान फटीत बसतो, सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावी लागेल एवढ्या, आणि हृदयाची लय मोडते. ते नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. मग दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. लय परत आणायचा उपाय एकच, विजेचा झटका. तो देणारं यंत्र म्हणजे एईडी. झाकण उघडलं की ते स्वतःच बोलून सांगतं, चिकटपट्ट्या कुठे लावा, कधी हात काढा. झटका द्यायचा की नाही हेही तेच ठरवतं. त्या दिवशी मैदानावर असं यंत्र नव्हतं.

लुईच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि ते शाळाशाळांतून, मग राज्याच्या राजधानीपर्यंत एकच मागणी घेऊन गेले. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात कायदा झाला. सरकारी शाळांमध्ये एईडी हवं, शाळेच्या सामन्यांच्या ठिकाणी ते हवं, आणि ते वापरायला शिकलेला माणूस हवा. लोक त्याला लुईचा कायदा म्हणतात. त्या यंत्रांनी पुढे मुलं वाचली, शिक्षक वाचले, नातवंडांचा सामना पाहायला आलेले आजोबाही वाचले. छातीच्या कवचालाही आता वेगळं मानक आहे. नेमक्या याच धोक्यासाठी तपासलेलं कवच २०२१ पासून गोलकीपरला आणि २०२२ पासून मुलांच्या संघातल्या बाकी खेळाडूंनाही बंधनकारक झालं.

मुलाचं कवच मी दर शनिवारी धुते. आतल्या बाजूला, बरोबर छातीच्या मध्यावर, एक छोटं छापील चिन्ह आहे, ते मानक पाळल्याचं. धुताना आता माझा अंगठा त्यावरून फिरतो. कवच दोरीवर वाळत असताना पाठमोरं एखादं मूल उभं असावं तसं दिसतं.

लुईच्या आईचा विचार करताना मला शब्द पुरत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, पुत्रशोक वैऱ्यालाही नको. तिने तो शोक घेऊन सगळ्या राज्यातल्या शाळांच्या भिंतींवर एकेक पांढरी पेटी बसवून घेतली. आमच्या शाळेच्या जिमबाहेरच्या पेटीवर हिरवा दिवा लुकलुकतो, यंत्र तयार आहे हे सांगणारा. मी तिथून जाताना थांबते, बघते, पुढे जाते. देवळावरून जाताना हात जोडतो, तेवढाच वेळ.

हडसन नदीपलीकडच्या नायॅकच्या वेल्स क्राउदरबद्दलही लिहायलाच हवं. तोही शाळेत लॅक्रॉस खेळला, पुढे बॉस्टन कॉलेजात १९ नंबरची जर्सी घालून खेळला, आणि हेल्मेटखाली नेहमी लाल रुमाल बांधायचा. लहानपणी रविवारी चर्चला जाताना वडील त्याला दोन रुमाल द्यायचे. पांढरा वरच्या खिशात दाखवायला आणि लाल मागच्या खिशात, वापरायला. बालवाडीत असताना माझ्या फ्रॉकला आई सेफ्टी पिनने रुमाल लावायची, तो मला इथे आठवला. ११ सप्टेंबर २००१ ला वेल्स चोवीस वर्षांचा होता, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात १०४ व्या मजल्यावरच्या कंपनीत कामाला. तो खाली ७८ व्या मजल्यावर आला, तिथे अडकलेल्यांना जिन्याची वाट दाखवली, एका बाईला पाठीवर घेऊन खाली आणलं आणि पुन्हा वर गेला. वाचलेल्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. तोंडावर लाल रुमाल बांधलेला तरुण, एवढंच त्यांनी सांगितलं. ते वर्तमानपत्रात वाचून त्याच्या आईने आपला मुलगा ओळखला. त्याच्या नावाचा न्यास आज शाळकरी मुलांसाठी काम करतो, आणि बॉस्टन कॉलेजचे खेळाडू दर वर्षी एक सामना लाल रुमालाच्या नक्षीचा गणवेश घालून खेळतात.

रुमालावरून ओळखलेला मुलगा. आणि माझ्या चिठ्ठीवर तर पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

मी अण्णांना फोन केला. अण्णा आता ऐंशीचे आहेत, पोस्टातून निवृत्त झाले, गावातली निम्मी घरं त्यांना पत्त्यासकट पाठ आहेत. चिठ्ठीवरचं नाव सांगितलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, ती घाटावरची. नदीत गेली होती. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेन. सगळं गाव घाटावर होतं."

दोन दिवसांनी ते काठी टेकत शाळेत जाऊन आले. हेडसरांनी ठेवींचं जुनं रजिस्टर काढून दाखवलं. १९६३ साली वडिलांनी ५०० रुपये ठेवले होते. व्याज आता वर्षाला तीस-पस्तीस रुपये येतं, त्यात पेन येतं. तरी शाळेने बक्षीस बंद केलेलं नाही, नाव दर वर्षी वाचलं जातं. मला त्या शाळेबद्दल इतकं भरून आलं. मी अण्णांना म्हटलं, ठेवीत भर घालायची आहे, पण अट एकच. नावाआधी दोन वाक्यं वाचायची, ती कोण होती त्याची. हेडसर लगेच हो म्हणाले.

दोन वाक्यं लिहायची म्हणजे माहिती हवी. तिचा धाकटा भाऊ अजून पेठेत शिलाईच्या दुकानात बसतो, वय त्र्याहत्तर. अण्णांनी दुकानातून फोन लावून दिला. मशिनचा आवाज थांबला. "काय विचारायचंय, ताई?" मी विचारलं, तिला काय आवडायचं. ते म्हणाले, खो-खो. धावताना सापडायची नाही कुणाला. चिंचा मिठाला लावून खिशात ठेवायची. संस्कृत वडिलांना प्रिय होतं, ते तिला रोज पहाटे पाठांतराला बसवायचे आणि ती पेंगायची. एवढं सांगून ते थांबले, मीही थांबले. मग म्हणाले, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी दोन वाक्यं लिहून अण्णांकडे पाठवली. 'ही आपल्या शाळेची विद्यार्थिनी. खो-खोत चपळ होती, आणि १९६२ च्या मे महिन्यात, आठवीत शिकत असताना, कृष्णेत बुडून गेली.' रजिस्टरात तसंच होतं, इयत्ता आठवी. अण्णांनी कागद दुकानात नेऊन वाचून दाखवला. भावाने तो हातात घेतला, चष्मा लावला, कापडावर खुणा करायचा खडू बाजूला ठेवून पेन मागून घेतलं आणि एक शब्द खोडला.

"आठवी नाही," ते म्हणाले. "निकाल लागला होता. नववीत गेली होती ती. म्हणून तर दादांनी बक्षीस नववीला ठेवलं."